उजव्या हाताची मजुरी

बाईच्या हाताला घरात किती काम असते, हे कोणी मोजत नाही. माझे मोजले गेले, कारण माझा उजवा हात मनगटात मोडला आणि पुढचे तीन महिने ते काम दुसऱ्यांना करावे लागले. मी डबे करते. 16 डबे, सकाळचे आणि संध्याकाळचे. एका डब्यात चार चपात्या. म्हणजे दिवसाला 128, आणि घरच्या वेगळ्या. शिवाय कणीक मळणे, भाजी चिरणे, भांडी, धुणे, पिळणे. आमच्या घरात माझ्या नावाने पगार येत नाही, पण खोलीचे भाडे आणि नातीच्या शाळेची फी या मनगटातून निघते. एवढे आधी सांगितले म्हणजे पुढे जे रामायण झाले ते वाचकांना समजेल.

2024 च्या जुलै महिन्यातली गोष्ट. आमची चाळ कल्याण पूर्वेला. नळाला पाणी पहाटे साडेचारला येते आणि पाऊण तासात जाते, त्यामुळे त्या वेळी सगळी चाळ जागी असते. पिंप भरून झाले होते. शेवटची कळशी उचलून मी मोरीतून बाहेर येत होते. शहाबादी फरशी पावसाळ्यात बुळबुळीत होते, कितीही घासा. पाय सरकला. पडताना माणसाचा हात आपोआप पुढे जातो, ते काही ठरवून होत नाही. सगळा भार तळहातावर आला आणि कडकन आवाज झाला. तो आवाज कळशीचा होता, असे सासूबाई अजून म्हणतात. कळशीला पोचा आला आहे हे खरे, पण मनगट पळीच्या दांड्यासारखे वाकले होते, ते काही कळशीमुळे नव्हे.

शेजारच्या खोलीतली मुलगी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती आली आणि तिने सगळ्यांना बाजूला केले. आधी साबणाचे पाणी लावून माझ्या हातातल्या बांगड्या आणि बोटातली अंगठी काढली. म्हणाली, "काकू, आता अर्ध्या तासात सूज येईल, मग अंगठी कापायला लागेल." जाड पुठ्ठ्याची घडी हाताखाली ठेवून ओढणीने सैलसर बांधली आणि हात गळ्यात अडकवून दिला. सुनेने चहा केला होता, तो तिने मला पिऊ दिला नाही. भूल द्यावी लागली तर पोट रिकामे हवे म्हणून. एकोणीस वर्षांची पोर, पण त्या पहाटे चाळीत तिचाच हुकूम चालला.

तेवढ्यात जाऊबाई आल्या. त्यांचे म्हणणे, दवाखान्यात नेऊ नका, तिथे कापाकापी करतात. त्यांच्या ओळखीचा हाडवैद्य होता, तो तेल लावून चोळतो, बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधतो, पंधरा दिवसांत हात मोकळा. हाडवैद्यांची टिंगल मला करायची नाही. ज्या गावांना कोसन् कोस दवाखाना नव्हता, आणि असला तरी आपल्या माणसाला डॉक्टर हात लावेल याची खात्री नव्हती, तिथे आपल्या आजी-आजोबांची हाडे त्यांनीच बसवली. पण माझ्या माहेरी एका मुलाचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कोपराजवळ मोडलेल्या हाताला कामट्या लावून घट्ट आवळून बांधले. पोरगा दोन रात्री ओरडत होता. दुखणारच, असे म्हणून मोठ्यांनी त्याला गप्प केले. पट्टी सोडली तेव्हा हाड जुळायच्या मार्गाला लागले होते, पण बोटे आत वळली ती कायमची. आवळल्यामुळे रक्त पुढे जात नाही, आतले स्नायू मरतात आणि मग आखडून बसतात. प्लास्टर घट्ट झाले तरी हेच होते. म्हणून बांधलेल्या हाताची बोटे निळसर पडली, बधिर झाली, गार लागली, किंवा बोट नुसते सरळ केले तरी जीव जाईल असे दुखू लागले, तर सकाळ होण्याची वाट पाहायची नसते. रात्री दोन वाजता गेले तरी चालते.

जवळच्या दवाखान्यात फोटो काढला. अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटापासून बोटभर वर मोडून मागच्या बाजूला सरकले होते. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन हात ओढला, हाड जागेवर बसवले आणि प्लास्टर घातले. तरुण मुलगा होता, पण बोलायला चांगला. या मोडण्याला कोलिसचे फ्रॅक्चर म्हणतात, असे त्याने सांगितले. अब्राहम कोलिस हे आयर्लंडमधील डब्लिनचे सर्जन. त्यांनी 1814 साली या मोडण्याचे वर्णन लिहिले, तेही एक्स-रे नसताना, नुसते हाताने चाचपून. एक्स-रेचा शोध जर्मनीत विल्हेल्म रोंटगेन यांनी लावला तो 1895 साली, म्हणजे त्यानंतर 81 वर्षांनी. आणि त्यांनी काढलेला हाडांचा जो फोटो जगभर गाजला, तो त्यांच्या बायकोच्या हाताचा होता. तिच्या बोटातली अंगठी त्यात हाडाभोवती दिसते. हे ऐकून मला जरा बरे वाटले. जगातल्या डॉक्टरांना हाड दाखवायला एका बाईचाच हात पुढे झाला होता.

प्लास्टर झाले म्हणजे संपले, असे घरात सगळ्यांना वाटले. डॉक्टरांनी मात्र आठवड्याने पुन्हा फोटो काढायला बोलावले होते. "न चुकता या, असली हाडे प्लास्टरमध्येही सरकतात," असे बजावले होते. आठवड्याने फोटो काढला तर हाड सरकलेलेच होते. शिवाय मोडीची एक रेघ थेट सांध्यात गेली होती आणि सांध्याच्या गुळगुळीत भागाला पायरी पडली होती. आता दोन रस्ते होते. आहे तसे जुळू द्यायचे, म्हणजे मनगट थोडे वाकडे राहील, जोर कमी येईल, पुढे सांधा दुखेल. नाहीतर ऑपरेशन करून पट्टी आणि स्क्रू बसवायचे. ठरवायला फार दिवस नव्हते. दोन-तीन आठवड्यांत वाकडे हाड वाकडेच जुळू लागते आणि मग ते सोडवणे अवघड होते.

घरी बैठक बसली. दीर आले, जाऊबाई आल्या, नणंदेचा फोन आला. सगळे माझ्या भल्याचेच बोलत होते, पण बोलणे फिरून फिरून एकाच जागी येत होते. हात थोडा वाकडा राहिला तर काय बिघडले? दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काय ऑफिसात जायचंय का? चौपन्न वय झालं. आता सून आहे हाताखाली." सून तिथेच बसून लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, दिवसाच्या सव्वाशे चपात्या आई लाटतात. मी सकाळी आठला कामावर जाते." त्यावर कोणी काही बोलले नाही.

खरे सांगायचे तर वाकडा हात सगळ्यांनाच नडतो असे नाही. मी डॉक्टरांना विचारले होते. ते म्हणाले, तुमच्या सासूबाई पडल्या असत्या तर त्यांना मी प्लास्टरच सांगितले असते. वय ऐंशीकडे आलेले, हाताला जड काम नाही, अशा माणसाचे मनगट थोडे वाकडे दिसले तरी जेवणे, कपडे घालणे, काठी धरणे व्यवस्थित होते. त्यांना टेबलावर घेण्यात धोकाच जास्त. त्यांनी मला एकच विचारले, "हा हात तुम्हाला कशासाठी लागतो?" इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. मी सांगितले. त्यांनी माझ्या डाव्या हाताने लाटण्याची हालचाल करून दाखवायला लावली, कणीक मळताना मनगट किती मागे वाकते ते पाहिले, आणि मग म्हणाले, "तुम्ही ऑपरेशन करून घ्यावं असं मला वाटतं."

पैशाचे कसे करायचे? एका खाजगी इस्पितळात विचारले, त्यांनी सगळे मिळून ऐंशी हजार सांगितले आणि वीस हजार आधी भरा म्हणाले. बचत गटातून फार तर पंधरा मिळाले असते. आमचे मिस्टर मुकाट्याने माझी बोरमाळ काढून बसले. मी ती पुन्हा डब्यात ठेवायला लावली. विहारातल्या महिला मंडळाच्या एक ताई म्हणाल्या, आधी मोठ्या सरकारी दवाखान्यात चला, तिथे योजनेतून होते का बघू.

ही योजना 2012 साली राज्यातल्या 8 जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली. 2017 पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. आधी ती पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती होती, 2024 पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली. योजनेत असलेल्या दवाखान्यात एक आरोग्यमित्र बसलेला असतो. केस पेपर काढल्या काढल्या त्याला गाठावे, कारण प्रत्येक मोडलेले हाड योजनेत बसतेच असे नाही आणि खर्च झाल्यावर कागद दाखवून उपयोग होत नाही. माझे बसत होते. पण माझे नाव रेशनकार्डावर एक आणि आधारकार्डावर एक. रेशनकार्डावर सासरचे, आधारवर शाळेच्या दाखल्यातले, त्यातही एक अक्षर चुकलेले. त्या एका अक्षराने चार दिवस खाल्ले. हाताचे हाड आत जुळत चालले होते आणि आम्ही या खिडकीवरून त्या खिडकीवर. लग्नानंतर बाईचे नाव बदलते, ते कागदावर सगळीकडे सारखे बदलून ठेवायचे कोणी? घरात बसून आज रात्री एवढे एक काम सगळ्यांनी करावे, सगळी कार्डे समोर ठेवून नावे ताडून पाहावीत.

ते चार दिवस मी लोकलने ये-जा केली. गळ्यात हात बघितला की बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवरची बाई उठून जागा द्यायची. एकदा तर सगळ्या डब्यानेच मला सल्ले दिले. कोणी हाडजोडी वनस्पती सांगितली, कोणी अंडी, कोणी उपास. ठाणे येईपर्यंत प्रत्येकीच्या घरातले एक एक मोडलेले हाड मला पाठ झाले होते.

असेच एकदा बाकावर बसून वाट पाहताना मला बाबासाहेबांचा चाळीसगावचा प्रसंग आठवला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी तो स्वतः लिहिला आहे. 1929 च्या ऑक्टोबरात धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा घेऊन आपल्यातल्याच एकाने तो हाकला. त्याला सवय नव्हती. नदीच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग आपण सभेत ऐकतो, मुलांना सांगतो. पण आपले लक्ष टांगेवाल्याकडे असते. मोडलेल्या पायाचा विचार मी त्या बाकावर पहिल्यांदा केला. पुढे काही दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही, एवढेच ते लिहितात. एका ओळीत संपवले आहे. माझे मात्र एका मनगटापायी घर डोक्यावर घेणे चालले होते.

पुढे 1942 ते 1946 मध्ये ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा आराखडा करायचे काम प्राध्यापक अडारकर यांच्याकडे दिले गेले. 1944 साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातून 1948 चा राज्य विमा कायदा झाला. त्याचा गुण आमच्या घराने घेतलेला आहे. 1998 साली मिस्टरांचा पाय मोडला तेव्हा ते कंपनीत होते. इएसआयचे कार्ड होते. उपचार फुकट झाले आणि घरी बसल्याचा पगाराचा काही भागही मिळाला. आता त्या विम्यात पगाराच्या 70 टक्के, वर्षातून 91 दिवसांपर्यंत मिळतात. मी डबे करणारी. माझा मालक कोण, माझे हप्ते कोणी भरायचे? ऑपरेशन योजनेतून फुकट होईल, पण तीन महिने चपात्या न लाटल्याची मजुरी मला कुठल्याच खिडकीवर मिळणार नव्हती. धुणी-भांडी करणारी, भाजी विकणारी, बांधकामावर विटा वाहणारी, आपल्या वस्तीतल्या निम्म्या बायका याच रांगेत आहेत.

अखेर मंजुरी आली. रक्त, लघवी, साखर, छातीचा फोटो, हृदयाची पट्टी, सगळे तपासून झाले. आदल्या संध्याकाळी एक क्लार्क संमतीचा कागद घेऊन आला. माझा हात गळ्यात बघून त्याने मिस्टरांपुढे कागद धरला आणि म्हणाला, "तुम्ही सही करा, बाईंचा अंगठा घेतो." शाईचा डबा त्याने उघडलाही होता. मी नववीपर्यंत शिकले आहे. माझी आई आयुष्यभर अंगठा देत आली. रेशनच्या दुकानात, पोस्टात, माझ्या शाळेच्या दाखल्यावरसुद्धा तिचा अंगठा आहे. मी म्हटले, "सही येते मला. हात मोडलाय फक्त." डाव्या हाताने सही करायला मला पाच मिनिटे लागली. अक्षरे पहिलीतल्या मुलासारखी आली, एक तर उलटेच निघाले. क्लार्क घड्याळ बघत उभा राहिला, पण डबा त्याने बंद केला.

ऑपरेशनची लोकांना भीती वाटते ती भुलेची. मला पूर्ण भूल दिलीच नाही. खांद्याच्या वर, मानेच्या बाजूला एक इंजेक्शन दिले. डॉक्टरीणबाई मशीनच्या पडद्यावर आतली नस बघून सुई घालत होत्या. पंधरा-वीस मिनिटांत हात आधी जड, मग गरम आणि मग नाहीसा झाला. डोळ्यांसमोर हिरवा पडदा लावला. पलीकडे माझ्या हाताचे काय चालले आहे ते दिसत नव्हते, ऐकू मात्र येत होते. ड्रिलचा आवाज अगदी सुताराच्या दुकानासारखा. मधून मधून "फोटो घ्या" म्हणत, मग मशीन फिरायचे. माझे मन दुसरीकडे असावे म्हणून डॉक्टरीणबाई मला भाज्यांविषयी विचारत होत्या. मसूर-वांग्यात मी सुका जवळा कधी घालते, हे मी त्यांना टेबलावर पडल्या पडल्या सांगितले. सगळे मिळून तास-सव्वा तास लागला. तळहाताच्या बाजूने कापून एक पट्टी आणि 8 स्क्रू बसवले. नंतरच्या फोटोत ते अगदी दाराच्या बिजागरीसारखे दिसतात.

त्या रात्रीचा एक अनुभव मी विसरणार नाही. हात बधिरच होता. अंधारात कुशीवर वळताना काहीतरी गरम, जड माझ्या तोंडावर पडले. मी दचकून डाव्या हाताने ते ढकलले. माझाच हात होता. पहाटेकडे भुलेचा असर उतरला आणि दुखणे सुरू झाले, तेव्हा रडायलाही आले आणि बरेही वाटले. हात परत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले आणि पहिले वाक्य बोलले, "बोटं हलवा." ऑपरेशन त्यांनी केले, पण पुढचे काम माझे आहे, हे त्यांनी तिथेच सांगितले. हात छातीच्या वर ठेवायचा, नाहीतर सूज उतरत नाही. मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, तासाला दहा वेळा. खांदा आणि कोपरही हलवायचे, नाहीतर हात गळ्यात घेऊन बसलेल्या बायांचे खांदे आखडतात. बाराव्या दिवशी टाके निघाले. सहा आठवडे कसलाही भार उचलायचा नाही, भरलेला पाण्याचा तांब्यासुद्धा नाही.

आता घरची कथा. बाईचा उजवा हात गेला की जेवणाचे बघतात सगळे, पण वेणी कोण घालणार, निऱ्या कोण धरणार, अंघोळ कोण घालणार? पहिले तीन आठवडे हे सगळे सुनेने केले. आमच्या दोघींचे त्याआधी फार जमत होते अशातला भाग नाही. माझी वेणी घालताना ती माझ्या मागे असायची, तोंडे समोरासमोर नसायची, त्यामुळे की काय, त्या पंधरा मिनिटांत आम्ही सहा वर्षांत बोललो नाही तेवढे बोललो. गाऊन घालायला तिनेच शिकवले. निऱ्यांचा प्रश्न मिटला. सासूबाई दोन दिवस कपाळाला आठ्या घालून बसल्या, मग त्यांनीच नातवाला सांगून आजीसाठी आणखी एक गाऊन मागवला.

डबे बंद पडू द्यायचे नव्हते. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेले की परत येत नाही. महिला मंडळाच्या चौघीजणींनी चार-चार डबे वाटून घेतले. भाजी माझ्या घरी, माझ्या देखरेखीखाली मिस्टर करायचे, चपात्या त्या चौघी. मी त्यांना चपातीमागे अडीच रुपये दिले. आधी कोणी घेईना, "ताई, शेजारधर्म आहे." मी म्हटले, शेजारधर्म एक दिवसाचा असतो, हे तीन महिन्यांचे काम आहे. तो हिशेब वहीत लिहिताना मला पहिल्यांदा दिसले की रोजच्या 128 चपात्यांची मजुरी 320 रुपये होते. आजवर डब्याची किंमत ठरवताना मी गहू, तेल, गॅस, भाजी धरत होते. हाताची मजुरी धरायची असते, हे डबे करणाऱ्या आम्हा कोणालाच कोणी शिकवले नव्हते. नोव्हेंबरपासून मी डब्यामागे दहा रुपये वाढवले. दोन गिऱ्हाईके गेली, चौदा राहिली.

व्यायाम हा मात्र कंटाळवाणा प्रकार आहे. त्याविषयी कोणी गोड बोलत नाही म्हणून मी स्पष्ट लिहिते. दुखते. मूठ मिटत नाही तेव्हा रडू येते. तळहात आकाशाकडे करणे ही सगळ्यात अवघड गोष्ट निघाली. दुकानदाराकडून सुटे पैसे घेताना, ओंजळीत पाणी घेताना, तोंड धुताना हात असा उताणा लागतो, हे हात उताणा होईना तेव्हा कळते. कोमट पाण्याच्या टोपात हात बुडवून मी रोज तीनदा मनगट फिरवायचे. दवाखान्यात दाबायला रबरासारखा गोळा द्यायचे, घरी मी कणकेचा गोळा घेतला. सहा आठवड्यांनी ओला रुमाल पिळायला सांगितला. पहिल्या दिवशी चार थेंब पडले. नातीला त्याची एवढी गंमत वाटली की ती रोज वाटी धरून बसायची आणि थेंब मोजायची. पुढे वाटी भरू लागली. कोणाचा हात ऑपरेशननंतर किंवा प्लास्टर काढल्यावर फार सुजलेला, चकचकीत, लालसर राहिला आणि नुसता वारा लागला तरी दुखत असेल, तर ते नाटक समजू नये. तो वेगळा त्रास असतो, लवकर दाखवला तर आटोक्यात येतो.

टाके काढताना डॉक्टरांनी मला पाळी कधी गेली ते विचारले. मनगटाचा आणि पाळीचा काय संबंध, असे मला वाटले. पण आहे. पाळी जाते तेव्हा शरीरातला जो रस कमी होतो तो हाडांना धरून ठेवणारा असतो. नंतरच्या वर्षांत बाईचे हाड आतून विरळ होत जाते, वाळवी लागलेल्या लाकडासारखे. वरून काही कळत नाही. उभ्या उभ्या पडून मनगट मोडणे ही बऱ्याच जणींना त्याची पहिली सूचना असते. या सूचनेकडे पाहिले नाही तर पुढे मणका किंवा खुबा मोडतो, आणि खुबा मोडलेली म्हातारी माणसे पुष्कळदा अंथरुणातून उठतच नाहीत. माझी हाडांच्या घनतेची तपासणी झाली, हाडे विरळ निघाली, औषध सुरू झाले. माझ्या वयाच्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. आपल्या आया नाचणीची भाकरी आणि सुका जवळा खात होत्या, ते गरिबीचे खाणे म्हणून आपण सोडले आणि मैद्याची बिस्किटे धरली. बाकी कोवळे ऊन आणि चालणे. डॉक्टरांनी मिश्रीचेही विचारले. तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो, असे म्हणाले. मी लावत नाही. सासूबाई लावतात, आणि हे ऐकल्यापासून त्या माझ्यासमोर लावत नाहीत.

मोरीत आता मुलाने खडबडीत लाद्या बसवून घेतल्या आहेत आणि भिंतीला नळाचा लोखंडी पाइप आडवा ठोकला आहे, धरायला. खर्च अडीच हजार. शेजारच्या तीन खोल्यांनी बघून तसेच करून घेतले.

पट्टी आतच आहे. त्रास देत नसेल तर काढायची गरज नाही, असे डॉक्टर म्हणाले. पाऊस लागला की मनगट ठणकते, करंगळीच्या बाजूला जास्त. जोर बराचसा आला आहे, सगळा नाही. दिवसाला 80 चपात्या मी लाटते, त्यापलीकडे गेले की रात्री हात झोपू देत नाही. उरलेल्या सून कामावर जाण्याआधी थोड्या करते आणि बाकीच्या मिस्टर. त्यांची चपाती अजून गोल होत नाही, तिला कोपरे येतात. त्या मी डब्यात तळाला ठेवते.